गोल्फ शिकताय? आधी वावर निवडा

गोल्फ नवीनच धरला असेल तर पहिलं काम जागेचं. नागपूर गाठायची काही गरज नाही. गावाची ई-क्लास, म्हणजे चराईची सरकारी जमीन रिकामीच पडली असते. गुरं चरतात, पण गुरांना काय समजते! त्यातही ज्या बाजूच्या धुऱ्याला लागून कापूस फुटला आहे तीच बाजू घ्या. पांढरा बॉल पांढऱ्या कापसात गेला की शोधायला मजा येते.

पिशवीत 14 पर्यंत क्लब, म्हणजे बॉल मारायच्या काठ्या, ठेवायला नियमाची परवानगी आहे, म्हणून 14च्या 14 घ्या. वापरायचा मात्र एकच, सगळ्यात लांब मारणारा ड्रायव्हर.

वेळापत्रक सोपं आहे. पहिला तास ड्रायव्हर, दुसरा तास ड्रायव्हर, मग रील.

पटिंगच्या, म्हणजे बॉल हळूच होलात ढकलायच्या भानगडीत पडू नका. होल असतो जेमतेम 108 मिलिमीटरचा, त्यात बॉल घालत बसणं रिकामटेकड्यांचं काम. 2021 साली टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली. लांब फटक्यांत ती मागंच होती, पटिंगच्या जोरावर शेवटच्या दिवसापर्यंत पदकाच्या शर्यतीत टिकली. असू द्या. तुम्हाला कुठं ऑलिम्पिकला जायचं आहे?

आयर्ननं, म्हणजे मधल्या अंतराच्या क्लबनं, मातीसकट गवताचं ढेकूळ उडालं तर परत बसवू नका. नाव रानडुकरांवर जाते.

आता समोर कोण आहे ते. अजिबात पाहू नका. बाया वेचणीला वाकलेल्या असतात, पऱ्हाटी कमरेच्या वर, म्हणजे दिसत नाहीत, म्हणजे नाहीतच. फटका वाकडा गेला तर समोरच्याला सावध करायला ‘फोर’ म्हणून ओरडायची जगभर रीत आहे, पण गावात ओरडायला लाज वाटते ना! परवा बॉल थेट पऱ्हाटीच्या ओळीत आला, एका बाईच्या कानापासून वीतभर. ती मटकन खालीच बसली. वर्क फ्रॉम होमला आलेले आमचे गोल्फपटू धुऱ्यावर येऊन विचारतात काय, “काकाजी, बॉल दिसला का? महागाचा आहे.” महागाचा! वजन 46 ग्रॅमही नाही, पण ड्रायव्हरवरून सुटला की डोकं फुटते. मग साहेब बुटासकट वावरात शिरले, फुटलेली बोंडं मातीत घातली आणि वर बायांनाच म्हणाले, “जरा शोधून द्या ना.” अरे, त्या किलोवर वेचतात! बॉल शोधायची मजुरी कोण देणार, तुझी कंपनी?

ऐक रे पोट्ट्या. नियोजनच पाहिजे ना तुला? ड्रायव्हर घरी ठेव. अर्धा वेळ पटिंग कर. मायला विचारून अंगणात खड्डा खण, सारवलेल्या जमिनीवर बॉल सरळ जाते की नाही ते आधी कळू दे. मग वेज, म्हणजे बॉल जवळच उंच टाकायचा क्लब घे आणि वीस-तीस पावलांवर टोपलं ठेवून त्यात बॉल टाकायला शीक. दर फटक्याआधी निशाणा ठरव, नुसता बदाबदा मारू नको. त्यानंतर आयर्न. ड्रायव्हरची हौस फिटत नसेल तर जाळी लावलेली सरावाची रेंज शोध, पेट्रोल जाळ अन् तिथं जाऊन मार. आमच्या धुऱ्याकडं तोंड करून काहीच मारायचं नाही, कापूस घरी आल्यावरही नाही, पलीकडं तूर उभी आहे अन् तिच्यातही माणसं असतात.

उद्या सकाळी वावरात ये. त्या बाईची माफी माग, सगळ्यांसमोर. तोवर बॉल माझ्या खिशात आहे. येताना बापाला सोबत आण.