इचिनोकावाची खाण आणि सावद्याच्या गारगोट्या

जपानच्या शिकोकू बेटावरची इचिनोकावा खाण १९५७ साली बंद पडली. तिथे अँटिमनी हे धातूसारखं मूलद्रव्य निघायचं. शिशात मिसळलं की शिसं कडक होतं, म्हणून बंदुकीच्या गोळ्या, छापखान्यातले खिळे, बॅटरीतल्या जाळ्या, सगळ्यांना ते लागायचं. पण खनिजं जमवणारे या खाणीचं नाव घेतात ते तिथल्या स्टिबनाइटसाठी. अँटिमनी आणि गंधकाचं हे खनिज. तलवारीच्या पात्यासारखे लांब, चकचकीत स्फटिक, काही तर हातभर. दिसायला पोलादी, पण नखाने ओरखडा उठतो आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर वितळतात. (जुना सुरमा याचाच. आज त्या नावाने बरेचदा शिशाचं खनिज विकतात. लेकरांच्या डोळ्यांत ते घालू नका.)

त्यातले देखणे स्फटिक परदेशी संग्राहकांनी नेले. आज ते लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्येही आहेत. भट्टीत गेले ते कायमचे गेले.

जळगावात बसून मी हे लिहितोय, कारण आपल्याकडेही तेच चाललंय. खानदेशात अँटिमनी नाही, काळा पाषाण आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. लाव्हा थिजताना वायूच्या पोकळ्या राहिल्या, पुढे त्यांत खनिजं विरघळलेलं पाणी झिरपलं आणि स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट या खनिजांचे स्फटिक वाढले. आपल्याला इथलं सावदा गाव केळीमुळे माहीत. जगभरच्या संग्राहकांना या स्फटिकांमुळे. विहिरीला सुरुंग लावला, खडीची खाण खोल गेली की या स्फटिकांच्या गारगोट्या निघतात. चांगल्या व्यापारी नेतो, बाकीच्या क्रशरमध्ये जातात.

विकायला माझा विरोध नाही. व्यापाऱ्याने उचलल्या म्हणून कितीतरी वाचल्या, आणि राबणाऱ्याला चार पैसे मिळालेच पाहिजेत. पण रावेर-यावलच्या पोरांना असं वैभव नीट मांडलेलं बघायला सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयापर्यंत जावं लागू नये. खाणपट्टा देतानाच अट घाला: निघालेल्या चांगल्या नमुन्यांतला एक गावच्या शाळेला. सोबत चिठ्ठी हवी: गाव, गट नंबर, किती फुटांवर निघाला, तारीख. कुठला ते माहीत नसलेला स्फटिक अभ्यासाला फारसा कामाचा नाही. इचिनोकावाची खाण बंद होऊनही तिचा अभ्यास होतो, कारण नमुन्यांखाली तिचं नाव लिहिलेलं राहिलं.

अट होईल तेव्हा होईल. तोवर ज्यांच्याकडे विहिरीचं काम चालू आहे त्यांनी गारगोटी बांधावर फेकण्याआधी शाळेतल्या सरांना किंवा मॅडमना दाखवा, आणि चिठ्ठी तिथेच लिहा.