"नर्सरीत मुलं नुसती खेळतात" या मेसेजला एकेका मुद्द्याचं उत्तर

पालकांच्या ग्रुपवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय, बऱ्याच जणांनी मलाही पाठवला, "ताई हे खरंय का" असं विचारत. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेंदूची ९० टक्के वाढ पाच वर्षांपर्यंत होते म्हणून अभ्यासाला बसवायची हीच वेळ. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाला सगळी अक्षरं आणि शंभरपर्यंत आकडे लिहिता आलेच पाहिजेत. गाणी, माती, ठोकळे हा टाइमपास आहे. रोज वर्कशीट घरी येत नसेल तर शाळा बदला. लवकर वाचायला लागलेलं मूल कायम पुढे राहतं. आणि शेवटी, खेळायचंच असेल तर घरीही खेळता येतं, त्यासाठी नर्सरीला फी कशाला?

मी याच वयाच्या मुलांबरोबर रोज काम करते आणि असले मेसेज वाचून घाबरलेले आईबाबाही बघते, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय.

सुरुवात मेंदूपासून. ९० टक्क्यांचा आकडा अगदीच हवेतला नाहीये, पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या मेंदूचा आकार मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जवळपास ९० टक्के झालेला असतो हे बरोबर आहे. पण तो आकार झाला, आणि मेसेजमध्ये ९० टक्के आकार म्हणजे शिकायची ९० टक्के संधी संपली असं धरून चाललेत, सगळा घोळ तिथेच आहे. कपाळामागचा जो भाग लक्ष टिकवणं, हात आवरणं, आपली पाळी येईपर्यंत थांबणं ही कामं करतो तो पंचविशीपर्यंत घडत राहतो आणि तीन वर्षांच्या मुलात तो खूप कच्चा असतो, म्हणून ते मूल अर्धा तास एका जागी बसून पेन्सिल चालवू शकत नाही, यात त्याचा हट्ट नसतो आणि आळसही नसतो. हा काळ महत्त्वाचा आहे यावर माझं काही दुमत नाही, प्रश्न त्या काळात करायचं काय हा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या, त्यात तीन-चार वर्षांच्या मुलांना दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल हवी आणि त्यातली किमान ६० मिनिटं चांगली दमवणारी हवी असं स्पष्ट म्हटलंय. म्हणजे रोजचे तीन तास. मूल सकाळभर बाकावर आणि संध्याकाळी होमवर्कला बसलं तर हे तीन तास आणायचे कुठून?

आता लिहिण्याचा मुद्दा, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण सगळ्यात जास्त रडारड याच्यावरून होते.

मुलं आकार कोणत्या वयात बघून काढू शकतात याचा एक क्रम आहे, मुलांच्या वाढीची तपासणी करणारे डॉक्टर आणि थेरपिस्ट तो रोज वापरतात. साधारण तिसऱ्या वर्षी गोल, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन, आणि त्रिकोण साधारण पाच पूर्ण झाल्यावर, कारण तिरकी रेघ सगळ्यात शेवटी जमते. थोडं मागेपुढे होतं, पण क्रम बहुतेकदा हाच. आता आपलं क अक्षर बघा. मधे उभा दांडा, एका बाजूला गोल, दुसऱ्या बाजूला वेगळ्या दिशेने वळणारी शेपटी, वर आडवी रेघ, आणि हे सगळं बरोबर जागी एकमेकांना चिकटलेलं. ज्या मुलाला अजून चौकोन बघून काढता येत नाही त्याला आपण हे वहीच्या दोन ओळींमध्ये बसवायला सांगतोय. ते मूल काय करतं तर पेन्सिल मुठीत घट्ट धरतं, मनगट हलत नाही म्हणून सगळा हात खांद्यापासून हलवतं, इतकं दाबतं की कागदाच्या मागच्या बाजूला उठाव येतो, चार अक्षरांत हात दुखतो, आणि मग आई म्हणते याचं लक्षच नाही.

त्या हाताची तयारी कशाने होते? मणी ओवताना, क्लेचे बारीक गोळे करताना, चिमट्याने कापसाचे बोळे उचलून वाटीत टाकताना, कात्रीने कागदाच्या पट्ट्या कापताना. भिंतीवर मोठा कागद लावून उभ्याने रंगवताना मनगट आपोआप मागे वळतं आणि खांदा पक्का होतो. बाहेरून बघणाऱ्याला हे खेळणं दिसतं, पण लिहायला लागणारा अंगठा आणि पहिली दोन बोटं तिथेच तयार होत असतात.

"रोज वर्कशीट" हा मुद्दाही इथेच घेते. बहुतेक वर्कशीट म्हणजे ठिपके जोडून अक्षर गिरवणं. २०१२ मध्ये करीन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी अजून वाचता न येणारी पाच वर्षांची १५ मुलं घेतली, त्यांच्याकडून काही अक्षरं मोकळ्या हाताने काढून घेतली, काही ठिपक्यांवरून गिरवून घेतली, काही कीबोर्डवर दाबून घेतली, आणि मग स्कॅनरमध्ये तीच अक्षरं दाखवली. वाचताना मेंदूचे जे भाग कामाला लागतात ते मोकळ्या हाताने काढलेल्या अक्षरांना जसे जागे झाले तसे गिरवलेल्या अक्षरांना झाले नाहीत. अभ्यास छोटा आहे, मान्य. पण कारण पटण्यासारखं आहे, मोकळ्या हाताने काढताना प्रत्येक वेळी अक्षर वेगळं आणि वेडंवाकडं येतं आणि त्यातून मुलाला कळतं की इतकं बदलूनही हे तेच अक्षर आहे, गिरवताना मात्र नजर फक्त पुढच्या ठिपक्यावर असते. घरी येणारी ती सुबक फाइल बघून समाधान पालकांना मिळतं, मुलाच्या पदरात फार काही पडत नाही.

शंभरपर्यंत आकडे. हे तर कोणीही घरी करून बघा. मूल वीसपर्यंत घडाघडा म्हणतं ना, मग त्याच्यासमोर बटणांचा ढीग ठेवा आणि म्हणा, मला चार दे. कितीतरी मुलं मूठभर उचलून देतात, आणि "चारच आहेत का बघ" म्हटलं तर पुन्हा म्हणतात, एक दोन तीन चार पाच सहा, आणि समाधानाने परत देतात. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमाराला अशाच प्रयोगांमधून दाखवलं की आकडे ओळीने म्हणता येणं आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण किती हे कळणं यात कित्येक महिन्यांचं अंतर असतं, मुलाला आधी 'एक' कळतो, मग काही महिन्यांनी 'दोन', मग 'तीन', असं ते हळूहळू पुढे सरकतं. घोकंपट्टीने तुम्ही त्याला शंभरपर्यंत नेलं तरी 'चार' त्याला चार म्हणून कळेलच असं नाही.

आमच्याकडे पाच अस्वलं आणि टोप्यांचा डबा असतो. एका मुलीने एकेका अस्वलाला टोपी घातली, शेवटचं अस्वल बोडकंच राहिलं, तिने डबा उलटा करून बघितला, रिकामा. मग पहिल्यापासून बोट लावत टोप्या मोजल्या, चार, मग अस्वलं मोजली, पाच, आणि ओरडली "एक कमीए!" मी डब्यात मुद्दाम चारच टोप्या ठेवल्या होत्या. एकास एक जोडणं, शेवटचा आकडा म्हणजे एकूण, एक कमी, एक जास्त, सगळं त्या पाच मिनिटांत झालं. वहीत पाच काढायला ती नंतर शिकेलच. आणि हो, लहान वयातली गणिताची समज पुढच्या शिक्षणासाठी महत्त्वाची असते हे संशोधनातून खरंच दिसलंय, २००७ मध्ये ग्रेग डंकन आणि सहकाऱ्यांनी बऱ्याच मुलांची माहिती तपासून तेच मांडलं होतं. म्हणूनच म्हणते, समज द्या, पानं भरून घेऊ नका.

गाणी म्हणजे टाइमपास? १९८३ मध्ये लिनेट ब्रॅडली आणि पीटर ब्रायंट यांनी चार-पाच वर्षांच्या ४०३ मुलांना शब्द ऐकवून त्यातला यमक न जुळणारा किंवा वेगळ्या आवाजाने सुरू होणारा शब्द ओळखायला सांगितला आणि पुढची काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. ज्यांना हे चांगलं जमत होतं ती मुलं पुढे वाचनात आणि स्पेलिंगमध्ये चांगली निघाली. बडबडगीत म्हणताना मुलाचा कान शब्द फोडायला शिकतो, शेवट सारखा आहे, सुरुवात वेगळी आहे, टाळीबरोबर शब्दाचे तुकडे पडतात. अक्षर डोळ्याला दिसायच्या आधी त्याचा आवाज कानाला वेगळा कळायला लागतो. त्यामुळे नर्सरीत रोज गाणी होत नसतील तर खरी काळजी तिथे करा.

ठोकळ्यांबद्दल थोडक्यात. फ्रोबेलने १८३७ मध्ये जर्मनीत लहान मुलांसाठी जी संस्था काढली, जिला पुढे १८४० मध्ये किंडरगार्टन हे नाव दिलं, तिथलं मुख्य साहित्यच लाकडी ठोकळे होतं. दोन छोटे मिळून एक मोठा होतो, खाली रुंद नसेल तर मनोरा पडतो, हे मूल हाताने शिकतं, आणि तीन वर्षांच्या मुलांमध्ये ठोकळ्यांची रचना बघून तशीच करता येणं आणि गणिताची समज यांचा संबंध अलीकडच्या अभ्यासांतही दिसलाय.

आता "लवकर वाचणारं मूल कायम पुढे". न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सुगेट आणि सहकाऱ्यांनी पाचव्या वर्षी वाचन शिकवलेली आणि सातव्या वर्षी शिकवलेली मुलं ताडून बघितली, २०१३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. दहा-अकरा वर्षांपर्यंत उशिरा शिकलेली मुलं बरोबरीला आली होती, आणि वाचलेलं समजण्यात उलट किंचित पुढे होती. फिनलंडमध्ये पहिलीच सातव्या वर्षी सुरू होते. याचा अर्थ चार वर्षांचं मूल स्वतःहून पाट्या वाचत असेल तर त्याला थांबवा असा अजिबात नाही, वाचू दे की, आनंदाने वाचू दे. पण ज्याला अजून ओढ नाही त्याला मागे पडलेलं म्हणू नका.

आणि घाईची किंमतही असते. अमेरिकेत मिशिगनमध्ये हायस्कोप नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभ्यासात १९६० च्या दशकाच्या शेवटी गरीब घरांतली ६८ मुलं तीन पद्धतींच्या बालवर्गांत घातली, एकात शिक्षकाने पाठ शिकवायचा आणि मुलांनी उत्तर द्यायचं, बाकी दोघांत मुलांना स्वतः खेळायला, ठरवायला भरपूर वाव. २३ व्या वर्षापर्यंत पाठपुरावा केला तेव्हा अभ्यासात तिघांत मोठा फरक नव्हता, पण शालेय वयात भावनिक अडचणींसाठी मदत घ्यावी लागलेली मुलं पहिल्या गटात कितीतरी जास्त होती. मुलं थोडी आहेत, त्यामुळे या एकाच अभ्यासावर सगळी मांडणी मी करणार नाही, पण पाठ घोकून घेतल्याने पुढे कायमची आघाडी मिळाल्याचंही त्यात दिसत नाही, आणि मेसेजचा सगळा दावा तर त्या आघाडीवरच उभा आहे.

राहिला शेवटचा मुद्दा, खेळ तर घरीही होतो. इथे मेसेज लिहिणाऱ्याचा राग मला थोडा समजतो, कारण काही ठिकाणी "आम्ही खेळातून शिकवतो" म्हणजे खोलीत खेळणी टाकायची, कोपऱ्यात टीव्ही लावायचा आणि टीचरने मोबाइल बघत बसायचं असं खरंच चालतं. त्याला खेळातून शिकणं म्हणत नाहीत. २०१३ मध्ये केली फिशर आणि सहकाऱ्यांनी चार-पाच वर्षांच्या ७० मुलांना आकार तीन प्रकारे शिकवून बघितले, एका गटाला सरळ सांगून, एका गटाला मोठ्या माणसाने प्रश्न विचारत खेळवून, आणि एका गटाला आकार देऊन मोकळं सोडून. त्रिकोण म्हणजे तीन बाजू, मग तो लांबुडका असो की उलटा, हे सगळ्यात पक्कं दुसऱ्या गटाला कळलं. नुसतं मोकळं सोडलेल्या मुलांना आकार फारसे कळले नाहीत. मोकळा खेळही हवाच, दोस्ती, भांडण, समेट तिथेच शिकतात, पण नर्सरीत टीचर लागते ती या मधल्या कामासाठी. डब्यात चार टोप्या ठेवायच्या आणि गप्प बसायचं, की मूल अडलंय म्हणून एक प्रश्न टाकायचा, हे त्या क्षणी ओळखणं हे टीचरचं कौशल्य आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ यांचा २०११ चा एक अभ्यास मला सतत आठवतो, चार वेगवेगळ्या गमती लपवलेलं एक खेळणं मुलांना दिलं, काहींना मोठ्या माणसाने "हे असं चालतं" म्हणून एकच गंमत शिकवली, ती मुलं तेवढंच करत राहिली आणि बाकीच्या गमती शोधायच्या कमी भानगडीत पडली. जास्त सांगितलं तरी मूल शोधायचं थांबतं.

म्हणून "शाळा बदला" या सल्ल्यावर माझं म्हणणं एवढंच, वर्कशीटवरून ठरवू नका. जाऊन अर्धा तास बसा आणि बघा. टीचर मुलांशी किती बोलते आणि किती ऐकते? प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी थांबते का, की स्वतःच सांगून टाकते? आज हा खेळ का मांडला असं विचारलं तर तिला सांगता येतं का? मुलं दिवसातून किती वेळ मैदानात असतात? एखादं मूल बाजूला उभं राहून नुसतं बघत असेल तर त्याला ओढून आणतात की वेळ देतात? कारण बघत राहणं हीसुद्धा खेळात शिरायची एक पायरी आहे, मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्येच ती नोंदवून ठेवलीय. याची उत्तरं नीट मिळाली तर मुलाला तिथेच राहू द्या, फाइल रिकामी असली तरी. आणि कोणी सांगूच शकलं नाही तर शाळा जरूर बदला.