‘बायकाईले काय, नवऱ्याचा पगार आहेच!’

वरुड तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपवर आठवडाभर एक मेसेज फिरतोय: बायकांना आराम हवा असतो आणि घर नवऱ्याच्या पगारावर चालतं, म्हणून त्या लवकर नोकरी सोडतात, पुरुष मात्र जबाबदारीपायी शेवटच्या दिवसापर्यंत राबतो. खाली टाळ्यांची रांग.

आधी आराम पाहू. माझी मोठी जाऊ जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. अठ्ठावन्नला पाच वर्षं बाकी असताना तिनं स्वेच्छानिवृत्ती घेतली. सासूबाईंना लकवा मारला होता. पहाटे त्यांचं अंग पुसायचं, कूस बदलायची, पेज भरवायची आणि धावत साडेसातची एसटी गाठायची, असं दोन वर्षं चाललं. अर्जावर कारण लिहिलं, ‘कौटुंबिक’. तिचा नवरा, म्हणजे माझे भासरे, तेही त्याच तालुक्यात नोकरीला. अर्ज त्यांनी द्यावा, हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. माझ्याही नाही, खोटं कशाला सांगू? केंद्राच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, ते करणाऱ्या पुरुषांची ८८. जाऊबाई शाळा सोडून त्या २८९ मध्ये भर घालायला घरी आल्या.

नवऱ्याच्या पगाराचं म्हणाल, तर अंगणवाडी सेविकेला विचारा. ती मानधनावर पासष्टीपर्यंत जाते, कारण पुढे पेन्शन नाही. ग्रॅच्युइटी तिचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ मध्ये सांगावं लागलं. लवकर सोडणं तिला परवडतच नाही.

शेजारची आजी तर सत्तरीतही कमरेला फडकं बांधून कापूस वेचायला जाते, किलोमागे मजुरीवर. श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे दीड हजार औषधात संपतात. सातबारा आधी नवऱ्याच्या नावावर होता, आता पोरांच्या. ‘आजी, थांबणार कधी?’ म्हटलं तर म्हणाली, “गुडघे बसतीन तवा मीबी बसन.”

राहिली पुरुषांची जबाबदारी. ती आहे. पोरीचं लग्न, पोराची फी, सोसायटीचं कर्ज यापायी ओढत राहणारे मीही पाहिलेत. पण त्यांच्या हिशोबात पेन्शन, फंड आणि शेती असते. आजारी माणसाला कोण उचलेल, हा रकाना सहसा नसतो. भासरे पूर्ण नोकरी करून आता संत्र्याच्या बागेत रमलेत. अकरा वाजता त्यांना डबा लागतो.

डबा कोण नेऊन देतं, एवढंच मी ग्रुपवर विचारलं. अजून एकही टाळी आलेली नाही.