बीटल्स नुसते गाजले म्हणून मोठे नाहीत, भाऊ

भाऊ, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. तुमचं म्हणणं असं की इंग्लंडचा बीटल्स बँड म्हणजे पोरींच्या किंकाळ्या आणि मार्केटिंग, वाजवायला चौघंही साधारण, त्यांच्यातला जॉन लेननच आपल्या ड्रमरला, रिंगो स्टारला, चांगला ड्रमर मानत नव्हता, खरं संगीत पिंक फ्लॉइड या बँडचं, आणि आज नागपुरात बसून साठ वर्षं जुन्या बँडचे गोडवे कशाला गायचे. मला हे अजिबात पटलं नाही.

किंकाळ्यांचंच घ्या ना. १९६६ पर्यंत त्या इतक्या वाढल्या होत्या की स्टेजवर यांना स्वतःचंच वाजवणं धड ऐकू येत नव्हतं, आणि कसंही वाजवलं तरी पब्लिक खूश. ज्याला फक्त गाजायचं असतं तो हेच वर्षानुवर्षं करत राहिला असता. यांनी ऑगस्ट १९६६ मधे सॅन फ्रान्सिस्कोचा शो केला आणि दौरेच बंद करून टाकले, एवढं नाव असताना, आणि स्टुडिओत जाऊन बसले. १९६३ मधे पहिल्या अल्बमची १० गाणी एका दिवसात रेकॉर्ड करणारी हीच पोरं, 'सार्जंट पेपर' या अल्बमला त्यांनी महिनोनमहिने दिले, तेही फोर ट्रॅक मशीनवर, म्हणजे चार ट्रॅक भरले की ते दुसऱ्या टेपवर उतरवून जागा करायची आणि पुन्हा वर वाजवायचं. लोकप्रियतेमुळे कंपनी त्यांना नाही म्हणू शकत नव्हती, ती सगळी मोकळीक त्यांनी नवीन काही करून बघण्यात लावली. त्यांचं मोठेपण मला इथे दिसतं.

'टुमॉरो नेव्हर नोज' ऐका. खाली तंबोरा, गाणं जवळपास एकाच कॉर्डवर, वरून टेपचे लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारे आवाजाचे तुकडे, सोडलेले. आपल्या महाल-धंतोलीत गाण्याच्या क्लासवरून गेलं की तंबोरा कानावर पडतोच, त्याचं आपल्याला नवल नाही, पण १९६६ च्या इंग्लिश पॉपमधे हे आणायला हिंमत लागत होती. बीटल्सचा गिटारिस्ट जॉर्ज हॅरिसन तर रविशंकरांकडे सतार शिकला, आणि 'द इनर लाइट' या गाण्याचं वाद्यसंगीत १९६८ मधे मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत आपल्याच वादकांकडून वाजवून घेतलं.

पिंक फ्लॉइड माझाही जीव की प्राण आहे. पण त्यांचा पहिला अल्बम १९६७ मधे बीटल्सच्याच लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत झाला, प्रोड्यूसर नॉर्मन स्मिथ, जो आधी अनेक वर्षं बीटल्सचा रेकॉर्डिंग इंजिनिअर होता. त्यांच्या 'डार्क साइड' अल्बमचा इंजिनिअर ॲलन पार्सन्स, तोही बीटल्सच्या सेशन्समधे असिस्टंट होता. म्हणजे तुम्ही ज्यांचं नाव घेऊन बीटल्सला कमी लेखून राहिले, ते त्याच स्टुडिओत, त्याच माणसांच्या हातून तयार झाले.

आणि नागपूरचं म्हणाल तर इथल्या कॉलेजची पोरं बघा, खोलीत लॅपटॉपवर आपलंच गाणं लिहितात, ट्रॅकवर ट्रॅक चढवतात, स्टेजवर वाजवता येईल की नाही याची फिकीर नाही. त्यांनी बीटल्स ऐकलेच पाहिजेत असं नाही. पण गाणं आपणच लिहायचं आणि रेकॉर्ड करता करताच ते घडवायचं, हे त्यांना इतकं साधं वाटतं त्यात या चौघांचा वाटा फार मोठा आहे. एकट्यांचा नाही, त्यांचा प्रोड्यूसर जॉर्ज मार्टिन होता, तिकडे अमेरिकेत बीच बॉईज हा बँड होता, आधी गायक बडी हॉली होता, पण इतक्या लोकांपर्यंत दुसऱ्या कोणी नेलं नाही.

राहिलं रिंगोचं. तो चांगला ड्रमर नव्हता हे वाक्य लेननचं नाहीच, इंग्लंडमधल्या कॉमेडीतला जोक आहे तो, लेनन वारल्यानंतर पसरलेला. रिंगो डावखुरा, ड्रम किट मात्र उजव्या हाताचा, म्हणून त्याचे फिल्स, म्हणजे मधे मधे वाजणारे ड्रमचे छोटे तुकडे, दुसऱ्यांसारखे येतच नाहीत. बीटल्सचं 'रेन' हे गाणं हेडफोन लावून ऐका, तीनच मिनिटांचं आहे, नुसत्या ड्रम्सकडे लक्ष द्या, आणि कुठे कमी वाटलं ते मला लिहा.