मेघना ओलांडली ती हेलिकॉप्टरने, पॅराशूटने नव्हे

डिसेंबर लागला की एक मेसेज फिरू लागतो: '१९७१ मध्ये आपल्या जवानांनी पॅराशूटने उड्या मारून मेघना नदी पार केली.' हे चूक आहे. पॅराशूटच्या उड्या त्याच बांगलादेश युद्धातल्या, पण ११ डिसेंबरच्या, बांगलादेशातल्या टांगाइलच्या. तिथे २ पॅरा बटालियन विमानांतून उतरली.

मेघनेची गोष्ट वेगळी. नदीवरचा आशुगंजचा रेल्वेपूल पाकिस्तानी सैन्याने उडवून दिला होता. मग लष्कराच्या चौथ्या कोअरचे प्रमुख लेफ्टनंट जनरल सगतसिंग यांनी ९ डिसेंबरपासून मी-४ हेलिकॉप्टरनी जवान पलीकडे रायपुऱ्याला पोहोचवले. हवाई दलाच्या बाजूची धुरा ग्रुप कॅप्टन चंदनसिंग यांच्याकडे होती. मी-४ मध्ये इंजिन नाकात आणि पायलट त्याच्या वर, म्हणजे आवाज आणि धग थेट पायाखाली. तशात अंधारात, खाली टॉर्चच्या उजेडावर शेतात टेकायचं, जवान उतरवायचे, लगेच परत फिरायचं आणि पुन्हा यायचं. रात्रभर!

टांगाइलच्या पॅराट्रूपर्सचा पराक्रम मोठाच आहे. पण म्हणून या वैमानिकांच्या वाट्याचं श्रेय पुसलं जाऊ नये. मेसेज आला तर पुढे ढकलू नका, पाठवणाऱ्याला ही दुरुस्ती कळवा.