कन्नड चालू, मराठी बंद

बेळगावच्या वडगावातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक डेस्कटॉप, एक प्रिंटर आणि गिऱ्हाइकासाठी प्लास्टिकची एक खुर्ची. लग्नपत्रिका, वास्तुशांत, वर्षश्राद्ध, सगळं मराठीत आणि कन्नडात करून मिळतं. कन्नडसाठी नुडी आहे, ते सरकारनं फुकट दिलंय. मराठीच्या सॉफ्टवेअरला मात्र डोंगल लागतं. अंगठ्याएवढा हिरवा तुकडा, पोटात बारीक लाल दिवा. तो यूएसबीत असला तर मराठी, नसला तर नाही. हरवू नये म्हणून बायकोनं त्याला देवीचा लाल दोरा बांधलाय. (युनिकोड वापरा की, असं सांगणारे भेटतात. माझ्या पंधरा वर्षांच्या फायली जुन्या फॉन्टात आहेत. फॉन्ट बदलला की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो.)

जून संपत आला होता, झड लागली होती, भिंतींनाही घाम सुटलेला. गल्लीतले आप्पा नातवाच्या पत्रिकेचं प्रूफ बघायला आले. आषाढी एकादशीच्या आतला शेवटचा मुहूर्त. मी फाईल उघडायला गेलो आणि काँप्युटरनं 'टुडुंग' केलं. हे टुडुंग दोन प्रकारचं असतं. चढतं वाजलं तर पाहुणा आला, उतरतं वाजलं तर पाहुणा गेला. हे उतरतं होतं.

"आप्पा, जरा थांबावं लागंल. कन्नड चालू हाय, मराठी बंद पडलीय."

१ नोव्हेंबर म्हणजे बेळगाव कानडी राज्यात घातलं तो दिवस; त्याच्या निषेधाची, काळ्या दिनाची एकही फेरी आप्पांनी चुकवलेली नाही. त्यांनी चष्मा काढून हातात घेतला.

"कधीपासनं?"

"सकाळपासनं असंल."

"छप्पन सालापासनं," आप्पा म्हणाले.

डोंगल काढलं, फुंकलं, लावलं. यूएसबी पहिल्यांदा कधीच बसत नाही. उलटं केलं तरी बसत नाही, परत सुलटं केलं की बसतं. बसलं, पण पडद्यावर 'अननोन डिव्हाइस', कोड ४३. दहा वर्षं ज्याच्या पोटात राहिलं, तोच विचारतो, आपण कोण? सीमाभागातल्या माणसाला हा प्रश्न नवा नाही, पण तो कचेरीत ऐकायची सवय आहे, घरात नाही.

मग ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे काँप्युटर आणि वस्तू यांच्यामधला दुभाषी. तो बिघडला की दोघंही शहाणी असून एकमेकांकडे बघत बसतात. तो काढून टाका, काँप्युटर बंद करून चालू करा, नवा आपोआप येतो, असं ठाऊक होतं. म्हणून मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये शिरलो आणि खालच्या यादीतलं यूएसबीचं जे जे दिसलं ते 'अनइन्स्टॉल' करत सुटलो. तिसऱ्याला माउसचा दिवा विझला. कीबोर्ड गप्प. तेव्हा डोक्यात उजेड पडला: माउस आणि कीबोर्डही यूएसबीचेच! ज्या फांदीवर बसलो होतो तीच कापली होती. 'रीस्टार्ट करू का?' असं पडद्यावर नम्रपणे विचारलेलं आणि 'हो' म्हणायला माझ्याकडे काही नाही. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरलं आणि गळाच आवळला.

यूएसबीतला यू म्हणजे युनिव्हर्सल. १९९६ साली हे आलं, म्हणजे सीमाप्रश्नानंतर चाळीस वर्षांनी. कुठलीही वस्तू कुठंही लावा, चालेल, अशी कल्पना. कल्पना चांगलीच असते.

चालू झाल्यावर सगळे परत आले, माउस, कीबोर्ड आणि डोंगलही. लाल दिवा लागला. मी आनंदानं आत चहाला गेलो, बाहेर आलो, दिवा गुल. तीनदा हेच. चहा प्यायला की मराठी जाते, असा शास्त्रीय निष्कर्ष बायकोनं काढला.

खडेबाजारातल्या एका पोराला फोन लावला.

"काका, कुठं लावलासा? पुढं का मागं?"

"पुढं."

"तेच वो! पुढचं पोर्ट वायरीनं आत गेल्यालं असतंय, वायर ढिल्ली होतीय. मागचं डायरेक्ट बोर्डावर. मागं घाला. आणि पॉवर सेव्हिंगची टिक काडा की. काम नसलं की मशीन पोर्टाला झोपवतंय."

म्हणजे बायकोचं बरोबर होतं. मी चहाला उठलो की काँप्युटर वीज वाचवायला पोर्टला झोपवत होता, आणि ढिल्या वायरीमुळं ते उठत नव्हतं. रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली टिक काढली. 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' नावाचं प्रकरण बंद केलं.

राहिलं मागचं पोर्ट. त्यासाठी कॅबिनेट ओढून काढलं. मागं धुळीची गोधडी, झुरळाची अंडी, सोनेरी फॉइलचे सोंड नसलेले दोन गणपती आणि गेल्या दिवाळीपासून हरवलेलं बायकोचं कानातलं. पत्रिकेचं काम बाजूला राहिलं आणि पाऊण तास त्या कानातल्यावर चर्चा झाली. मग जीभ दातात धरून, मोबाईलच्या उजेडात डोंगल मागं घातलं. टुडुंग. चढतं.

दुसऱ्या दिवशी शंभर पत्रिका छापून तयार. आप्पांनी एक हातात घेतली, शुद्धलेखन तपासलं, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' वाचून हसलेसुद्धा. मग त्यांची नजर रिकाम्या पुढच्या पोर्टवर गेली, तिथून लाल दोऱ्याचा माग काढत मागं गेली.

"ते कुठं घातलंस?"

"मागं. मागचं चांगलं चालतंय, आप्पा."

"आपल्या शहरात, आपल्या घरात मराठी मागं?"

मी वायरीचं, बोर्डाचं सगळं सांगून पाहिलं. ऐकून घेतलं नाही. तेव्हापासून त्यांची काठी पायरीवर वाजली की मी डोंगल उपसून पुढच्या पोर्टात खोचतो. लाल दिवा लागत नाही, पण आप्पांना लांबचं कमी दिसतं.