ताम्हिणीचं आइसलँड कसं करावं

जुलैतल्या एका रविवारी पुण्याहून ताम्हिणीमार्गे दिवेआगरला गेलात, भिजलात, परत आलात आणि ट्रिप झाली असं समजताय? भोळे आहात. खरी ट्रिप घरी आल्यावर सुरू होते, ट्रिपचा व्हिडिओ एडिट करताना लॅपटॉप बाइकच्या इंजिनापेक्षा जास्त तापतो तेव्हा.

आधी तो हिरवा रंग मारून टाका. पावसाळ्यात ताम्हिणीत हिरव्याशिवाय दुसरं काही नसतं हे मान्य, पण हिरवा म्हणजे सिनेमॅटिक नाही हो, सिनेमॅटिक म्हणजे सावल्या निळसर आणि माणूस नारिंगी. जाणकार लोक लॉग नावाच्या मोडमध्ये शूट करतात, फुटेज मुद्दाम फिकं येतं, पाणी जास्त झालेल्या पिठल्यासारखं, मग त्यावर लट (LUT, म्हणजे रंगांचा तयार साचा) लावून जीव आणतात. तुम्ही साध्या मोडमध्येच शूट केलंय ना? उत्तम, त्याच्यावरच लॉगचा फुकटातला लट ठोका. रस्ता काळाठिक्कर पडेल आणि रेनकोटमधला मित्र गाजराचा हलवा दिसेल. रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये वेक्टरस्कोप नावाचा रंग मोजायचा आलेख असतो, त्यावर त्वचेच्या रंगासाठी एक तिरकी रेघ असते, तिकडे बघू नका, उगाच अपराधी वाटतं.

धुकं भरपूर ताणा. आठ बिटच्या क्लिपमध्ये एका रंगाच्या २५६च पायऱ्या असतात (दहा बिटमध्ये १०२४, पण तसला कॅमेरा घ्यायचा तर गाडी विकावी लागेल), त्यामुळे ताणलेल्या धुक्यात त्या पायऱ्या खरोखरच दिसायला लागतात, जेजुरी चढतोय असं वाटतं. याला मूड म्हणायचं.

ड्रोन शॉट हवाच. पावसात ड्रोन उडवता येत नाही, मग मित्राने जानेवारीत काढलेला घ्या, वाळलेल्या गवताचा. हिरवा आपण आधीच मारलाय, त्यामुळे बेमालूम जुळतो.

मग वर-खाली काळ्या पट्ट्या. रुंदी उंचीच्या २.३९ पट, या सिनेमाच्या हिशोबाने चित्राचा साधारण चौथा भाग झाकला जातो, त्यात तुमचं हेल्मेटसकट डोकं गेलं तरी चालेल. सेकंदाला १२० फ्रेम्सने घेतलेली क्लिप २४ च्या टाइमलाइनवर पाचपट हळू चालते, ती फक्त ग्लोव्ह्ज घालण्यासाठी वापरा. घाटातली वळणं दोन सेकंदांत उरका, ग्लोव्ह्जला अर्धा मिनिट द्या.

आणि मुळशीच्या पुढे पंक्चरवाल्या काकांनी ट्यूब बादलीत बुडवून बुडबुडे शोधले तो शॉट आहे ना, चाळीस सेकंदांचा, एकदम स्थिर, लाइटपण झकास, काका मध्येच वर बघून हसतात? डिलीट. त्यात तुम्ही मागे उकिडवे बसून पार्ले-जी खाताय.

राहिला आवाज. कॅमेऱ्यात फक्त वारा रेकॉर्ड झालेला असतो, त्यामुळे नेटवरून ट्विन सिलेंडरचा भारदस्त आवाज उतरवून आपल्या १२५ सीसीवर चढवायचा. मी चढवला. तीन आठवडे रात्री जागून फिल्म झाली, ग्रुपवर टाकली, बदाम आले, आग आली, आणि सकाळी सकाळी आमच्या मेकॅनिकचा फोन.

"दादा, व्हिडिओ बघितला. आज काही काम असूदे, गाडी घेऊन या. आवाज लई बेकार येतोय, बेरिंग गेलंय बहुतेक."